नाथामामाची डावी बाजू

शनिवारी सकाळी, कार्यक्रमाला जेमतेम एक दिवस उरलेला असताना, निकिताने चांगली चाललेली वस्तू पुन्हा उघडली. आता ह्याला काय म्हणायचं? शहाणं माणूस आदल्या दिवशी देवाचं नाव घेऊन गप्प बसतं. पण गप्प बसणं निकिताच्या पत्रिकेतच नव्हतं. लहानपणी सुट्टीत मामाकडे आली की पहिल्या दिवशी रेडिओ उघडायची, दुसऱ्या दिवशी मिक्सर, आणि तिसऱ्या दिवशी सिंधूमामीचा ओरडा खायची. आता बत्तीस वर्षांची झाली, पुण्याची नोकरी करून आली, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याचा गाळा घेऊन बसली, तरी खोड तीच.

त्या गाळ्यात ती काय करते हे तिच्या आईलाही चार लोकांत नीट सांगता येत नसे. पुण्याला होती तेव्हा गाडीतली बटणं डिझाइन करायची. बटण दाबल्यावर बोटाला ‘टक’ लागलं पाहिजे की ‘टुक’, ह्यावर तिथे तीन-तीन तास मीटिंगा चालत. चार वर्षं तिने ते केलं आणि एक दिवस तिला वाटलं, एवढा जीव बोटाच्या स्पर्शावर ओतायचा तर तो काच वरखाली करण्यासाठी का? गाण्यासाठी का नको? झालं! नोकरी सोडली आणि नाशिकला येऊन हाताने वाजवायच्या, नव्हे, हाताने आवाजाला वळवायच्या वस्तू बनवू लागली. एक चेंडू केला. गाणाऱ्याने तो तळहातावर जसा घोळवावा तसा त्याचा आवाज दालनात घुमायचा. एक रबरी चकती केली, ती कणकेसारखी मळली की पेटीचा सूर जाड-बारीक व्हायचा. बंगळूरला प्रदर्शन झालं, मोठमोठ्या वादकांनी ते सगळं हाताळलं, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, आणि हात पुसून आपापल्या वाद्याकडे निघून गेले. दुसऱ्यांदा वाजवायला कोणी मागितलं नाही. एकानेही नाही. हे निकिताला इतकं लागलं होतं की त्या चेंडूकडे ती आता बघतही नसे.

आणि मग मामाचा हात गेला.

नाथामामा ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होता. केसाच्या जाडीएवढा फरक बोटाने ओळखणारा माणूस. आठवडाभर कारखाना, आणि शनिवार-रविवार महेशच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी. महेश गायचा, नाथा वाजवायचा, जवळजवळ पंचवीस वर्षं हे असंच चाललं. नाशिक जिल्ह्यात ज्या गावी बस जाते त्या गावी नाथाची ढोलकी गेली असेल. चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्याच्या डाव्या हातातला आरसा पडला. दवाखाना झाला, औषधं झाली, पाय सुधारला, जीभ सुधारली, डावा हात मात्र तसाच राहिला. खांद्यापासून हलायचा, कोपरातून वाकायचा, पण मुठीत काही धरता येईना आणि बोटांना स्पर्श कळेना. तळव्याच्या टाचेशी, मनगटाजवळ, तेवढी थोडी जाग शिल्लक होती.

ढोलकीला दोन तोंडं असतात. उजवी शाईची बाजू, तिचा आवाज टणक आणि बारीक. डावी धुमेची, तिचा खोल. उजवा हात ताल सांगतो हे खरं, पण माणसाला खुर्चीवरून उठवतो तो डावा. तळव्याची टाच धुमेवर दाबून पुढे घासत नेली की पोटातून निघाल्यासारखा एक घुमारा वर चढतो. त्याला म्हणतात घिस्सा. नाथामामाचा घिस्सा ऐकून लोक शिट्ट्या मारायचे. आता मामाकडे उजवा हात होता आणि घिस्सा नव्हता. एकदा त्याने नुसत्या उजव्या हाताने वाजवून बघितलं. दोन मिनिटांत थांबला, ढोलकीला गवसणी घातली आणि कपाटावर चढवून ठेवली.

“अर्धं बोलण्यापेक्षा गप ऱ्हायलेलं बरं,” एवढंच म्हणाला.

निकिता तेव्हा तिथेच होती. तिला रात्रभर झोप आली नाही असं मी सांगणार नाही, कारण झोप तिला एरवीही धड येत नसे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती मामाच्या दारात मोजपट्टी घेऊन उभी होती. “मामा, हात द्या. डावा.”

आठ महिने गेले त्यात. पहिली वस्तू प्लास्टिकची केली, मामाने त्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. “हे सरकतंय. हात कुठं हाय ते हाताला कळंना.” दुसरी शिसवी लाकडाची केली, ती गार लागली. तिसरीला मधोमध एक उंचवटा ठेवला, मनगटाला खूण म्हणून, आणि वर भद्रकालीतल्या वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेलं बकऱ्याचं कातडं चढवलं. आत दाब ओळखणारी पट्टी, हाताचा कल ओळखणारी एक चिप, आणि मनगटाला थरथर परत देणारी छोटी मोटर, म्हणजे खरं कातडं कसं हाताला उलटं बोलतं तसं. ही वस्तू मामाच्या डाव्या मांडीवर पट्ट्याने बांधायची. हात आपटला की स्पीकरमधून धुम, दाबून पुढे रेटला की घिस्सा. सगळा हिशोब खांद्याने आणि कोपराने करायचा, बोटांची गरजच ठेवली नव्हती.

आकार असा झाला होता की मामाने तिचं नाव ‘साबण’ ठेवलं.

“आण तुझं साबण,” गाळ्यात आल्या आल्या म्हणायचा. “घासू दे जरा.” निकिताला राग यायचा. आठ महिने मरमर करायची आणि साबण? पण मामा वाजवायचा. सरावाच्या ढोलकीवर उजवा, साबणावर डावा. दुसऱ्यांदा वाजवायचा, विसाव्यांदा वाजवायचा, चुकला की शिव्या द्यायचा, कुणाला द्यायचा ते देव जाणे. निकिताला त्या शिव्या गोड लागत. बंगळूरच्या टाळ्यांपेक्षा लाख पटीने.

आणि तेवढ्यात महेशने जाहीर केलं की ऑर्केस्ट्राला पंचवीस वर्षं झाली, रविवारी सकाळी दहाला मोठा कार्यक्रम. मामाने चार दिवस विचार केला आणि महेशला घरी बोलावून, निकिताच्या आणि मामीच्या देखत, आपला निकाल सांगितला.

“एक गाणं वाजवतो. जमलं तर जमलं. नायतर तिथंच स्टेजवर माझी ढोलकी सनीच्या हातात देतो. आन् मंग पुन्हा हा इषय माझ्या घरात निघायचा नाय.”

सनी म्हणजे महेशने वर्षभरापूर्वी घेतलेला नवा ढोलकीवाला. सत्तावीसेक वर्षांचा, मोबाइलच्या दुकानात काम करणारा, हात चांगला, आणि मामाला मान देणारा. त्यामुळे त्याच्यावर रागही काढता येईना. मामी उठून आत गेली. आणि निकिता पुढचे तीन आठवडे साबण घेऊनच बसली. मामाची ढोलकी राहणार की जाणार, हे आता तिच्या साबणावर होतं.

तर शनिवारची गोष्ट. इतके दिवस सराव व्हायचा तो संध्याकाळी, मामाचा व्यायाम झाल्यावर, हात सैल असताना. कार्यक्रम मात्र सकाळी. म्हणून शनिवारी तिने मामाला मुद्दाम सकाळी बोलावलं, आणि जे व्हायला नको होतं तेच झालं. सकाळी मामाचा हात आखडलेला आणि जड. नुसता ठेवला तरी साबणाला वाटायचं, दाबलाय. धुम आपोआप वाजायची, घिस्सा मध्येच अडकायचा. मामाचा चेहरा उतरला. “मशीन बिघडलं का माझा हात?” त्याने विचारलं.

“मशीन,” निकिता पटकन म्हणाली. “मामा, तुम्ही चहा घेऊन या. तासाभरात होतं.”

तासाचे चार झाले. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर किंचाळत होता, ही उठत होती, बसत होती, केस बांधत होती, सोडत होती, बिस्किटाचा पुडा फोडून न खाताच ठेवून देत होती. पण तोड निघाली, आणि खरं सांगायचं तर चांगली निघाली. तिने साबणाला शिकवलं की चालू केल्यावर तुझ्यावर जो पहिला स्पर्श येईल तो मामाचा निवांत हात समज. दोन सेकंद त्याचं वजन माप, तेच शून्य धर, आणि त्याच्यापुढे जे येईल तो वाजवण्याचा दाब. मग हात सकाळचा असो की संध्याकाळचा, जड असो की हलका, यंत्र आपलं आपण जुळवून घेईल. दुपारी मामा परत आला. तिने त्याचा हात धरून साबणावर ठेवला, दोन सेकंद गेले, आणि मामाने असा घिस्सा काढला की शेजारचा ग्राइंडरवाला काम थांबवून दारात येऊन उभा राहिला. तीनदा बंद केलं, तीनदा चालू केलं, तिन्ही वेळा पक्कं.

“आता उघडू नको पुन्हा,” मामा जाताना म्हणाला. “पाया पडतो तुझ्या.”

तिने नाही उघडलं. त्यासाठी तिला पेचकस मामीच्या पिशवीत टाकून द्यावा लागला, ही गोष्ट वेगळी.

रविवारी साडेआठला सभागृहात आवाजाची तपासणी झाली. निकिताने मामाला खुर्चीवर बसवलं, मांडीला पट्टा बांधला, हात उचलून साबणावर ठेवला. सगळं ठाकठीक. नऊपासून लोक यायला लागले. जुने श्रोते, मामाचे कारखान्यातले दोस्त, निफाडहून गाडी करून आलेले नातेवाईक. सगळ्यांना कळलं होतं की नाथा आज वाजवणार आहे, एका हाताने आणि एका डबीने. जो तो पडद्याआडून डोकावून बघून जात होता. निकिताने विंगेत इतक्या येरझाऱ्या घातल्या की पडदा ओढणारा माणूस म्हणाला, “ताई, एका बाजूला थांबा ना, मला गरगरायला लागलं.”

सिंधूमामी विंगेतल्या लोखंडी खुर्चीवर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. निकिता जवळून गेली तसा तिने तिचा मनगटाशी हात धरला.

“निके, एक सांगू? तू लय केलंस. पण माझ्या माणसाला आज लोकांनी हसायला नको. चौदा महिने मी त्याला कुणाला हसू दिलं नाय.”

“नाही हसणार, मामी.”

“तू आहेस म्हणून तो बसलाय तिथं. नायतर नसता बसला.”

आता हे ऐकून कुणाचा जीव थाऱ्यावर राहील? निकिताला वाटलं, धावत जावं आणि सगळं पुन्हा एकदा तपासावं. तारा, बॅटरी, पट्टा. तिने स्वतःला कसंबसं आवरलं.

चौथ्या गाण्यानंतर महेशने माइक हातात घेतला. मोठा धोरणी माणूस, फार भरून बोलला नाही. “पंचवीस वर्षं ज्याच्या ठेक्यावर मी गायलो तो माझा मित्र आज परत माझ्या डाव्या बाजूला बसतोय,” एवढंच म्हणाला. मधला पडदा बंद होता तेवढ्यात मामाला आणून बसवलं. मांडीवर त्याची स्वतःची ढोलकी, चौदा महिन्यांनी गवसणीतून निघालेली. निकिताने पट्टा बांधला, साबणाला तारेने जोडलेल्या खुर्चीजवळच्या छोट्या पेटीवरचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. साबण आता पहिल्या स्पर्शाची वाट बघत होतं. ती मामाचा हात उचलून ठेवणार एवढ्यात मामा म्हणाला, “जा तू. माझा हात मी ठेवतो. लोकांफुडं तू कशाला?” बरोबरच होतं त्याचं. ती विंगेत पळाली आणि पडदा उघडला.

टाळ्या पडल्या, खूप पडल्या. महेशने आलाप घेतला. मामाने एक क्षण डोळे मिटले. मग उजवा हात पुढे केला, डावा हात कोपरापाशी धरून उचलला, आणि वाजवायला घेतलं.

आणि स्पीकरमधून काय निघालं म्हणता? धुम नाही, घिस्सा नाही, एक लांबलचक हंबरडा. रेडा अडल्यासारखा. मामाने दचकून हात उचलला. आवाज थांबला. त्याने हात पुन्हा ठेवला, अगदी हळू, लहान मूल झोपवावं इतक्या हळू, आणि पुन्हा तोच हंबरडा, सगळं सभागृह भरून. मागच्या रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं. एक हसला की दुसऱ्याला येतंच. फार नाही हसले, चार-पाच जण, आणि बाकीच्यांनी त्यांना गप्प केलं. पण मामीने ते ऐकलं. तिने पर्सवरचे हात उचलून तोंडावर धरले.

महेशने चटकन गाणं थांबवलं आणि माइकवर काहीतरी जुना किस्सा सांगायला सुरुवात केली. मामाने तिसऱ्यांदा हात ठेवलाच नाही. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत बसला होता. मग त्याने मान वळवली आणि पलीकडे टाळ घेऊन बसलेल्या सनीला हाक मारली.

“सनी, ये रे.”

सनी उठला, पण पुढे जावं की न जावं हे त्याला कळेना. निकिता धावली. स्टेजवर कोण बघतंय, कोण हसतंय, कशाचं भान नाही, सरळ जाऊन मामाच्या खुर्चीशी बसली. तार ओढून बघितली, घट्ट होती. बॅटरी भरलेली. पट्टी शाबूत. मग झालं काय? सकाळी चाललेलं, काल तीनदा चाललेलं, आता ह्या मेल्याला काय धाड भरली? यंत्र शून्याला फारच कमी वजन धरून बसलं होतं, हे तिला पेटीवरच्या आकड्यावरून दिसत होतं. जवळजवळ काहीच नाही. जणू त्यावर पहिल्यांदा पीसच पडलं. मामाचा हात काही पिसासारखा नव्हता. मग पहिला स्पर्श कोणाचा?

“ऱ्हाऊ दे निके,” मामा हळू म्हणाला. “तुझा दोष नाय. हात गेला तो गेला. उगी माझ्या नादी लागून तूबी...” त्याने सनीकडे बघितलं. “ढोलकी घे रे सनी.”

“मामा, थांबा. पडदा उघडल्यावर तुम्ही काय काय केलंत? एकूणएक सांगा.”

“काय करणार? हात ठेवला.”

“त्याच्या आधी?”

“आधी काय? वाजवायला घेतल्यावर माणूस काय करतो? पाया पडलो.” मामाने उजव्या हाताची बोटं ढोलकीला टेकवून छातीला लावली. हवेतच करून दाखवलं. “हिच्या पडलो. मंग ह्याच्या पडलो.”

आणि त्याची बोटं साबणाकडे वळली.

निकिता त्या बोटांकडे बघत राहिली. उजव्या हाताची तीन बोटं, जेमतेम टेकलेली. ह्या गावात कोण वाजवणारा असा आहे जो वाद्याला हात लावून छातीला लावल्याशिवाय पहिला ठोका देतो? निकिताने ते जन्मापासून हजार वेळा बघितलं होतं. इतकं बघितलं होतं की दिसेनासं झालं होतं. स्पर्शावर जन्म काढला, बोटाला काय कळतं आणि तळव्याला काय कळतं ह्याच्या वह्याच्या वह्या भरल्या, आणि वाजवणाऱ्याचा सगळ्यात पहिला स्पर्श कोणता ते हिला सुचलं नाही! साबणाने बिचाऱ्याने सांगितलं तेच केलं. पहिला स्पर्श आला, तो नमस्काराचा होता, आणि त्याने नमस्काराचंच वजन शून्य धरलं. मग वरून मामाचा आख्खा हात पडला तेव्हा त्याला वाटलं, डोंगर कोसळला.

“तुम्ही ह्याच्या पाया पडलात?” ती म्हणाली. “गाळ्यात तर कधी पडला नव्हतात. एकदाही नाही.”

मामा जरासा ओशाळला. “गाळ्यात ते साबण होतं,” तो म्हणाला. “आज वाजवायला बसलो तवा ते वाद्य झालं का नाय?”

ज्या गोष्टीसाठी तिने नोकरी सोडली, आईची बोलणी खाल्ली, बंगळूरहून हात हलवत परत आली, ती गोष्ट पाच मिनिटांपूर्वी तिच्या डोळ्यांदेखत घडून गेली होती आणि तिला दिसलीही नव्हती. आणि त्याच गोष्टीने मामाचं चारचौघांत हसं केलं होतं. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीला वेळ नव्हता. महेशचा किस्सा संपत आला होता.

“मामा, ऐका. हे चालू केल्यावर पहिला स्पर्श होतो ना, तो हे शून्य धरतं. तुमची बोटं आधी लागली. त्यामुळे...”

“झिरो खोटा बसला,” मामा म्हणाला.

“हो.”

“म्हंजी झिरो एरर.” चौतीस वर्षांचा फिटर तो, त्याला पुढचं सांगायची गरज नव्हती. तो खुर्चीत ताठ झाला. “म्हंजी माप चुकलं. हात नाय चुकला.”

“हात नाही चुकला, मामा. माझं चुकलं. ह्याच्या कोणी पाया पडेल असं मला वाटलंच नव्हतं.”

मामाने तिच्याकडे बघितलं. डोळे तिचे वाहत होते आणि नाक ती बाहीला पुसत होती, एवढ्या लोकांसमोर.

“लयच येडी हायेस तू,” तो म्हणाला. “बंद कर ते.”

तिला वाटलं संपलं. पण मामाचा उजवा हात ढोलकीवरून उठला नव्हता.

“बंद कर म्हणतो ना. पाया पडू दे आधी नीट. मंग चालू कर.”

तिने बटण दाबलं. हिरवा दिवा गेला. मामाने उजव्या हाताने मेलेल्या साबणाला स्पर्श केला, ह्या वेळी घाई न करता, सगळी बोटं टेकवून, आणि हात छातीला नाही, कपाळाला लावला. सनी अजून तिथेच उभा होता, दोन्ही हात पुढे करावेत की मागे घ्यावेत ह्या पेचात.

“तू बस रे,” मामा त्याला म्हणाला. “टाळ वाजीव. लय सोडून जाऊ नको.”

सनी इतक्या खुशीने जागेवर जाऊन बसला की निकिताला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. तिने बटण दाबलं. मामाने डावा हात उचलून साबणावर ठेवला आणि सोडून दिला, जड तसाच. एक. दोन. त्याने महेशला मान हलवली.

महेशने आलाप पुन्हा घेतला, आणि मामाचा पहिला ठोका पडला. धुम! खोल, गोल, नेमकी. मग उजवा हात बोलू लागला, मग दोन्ही. पहिल्या कडव्यात मामा जपून होता. दुसऱ्यात त्याचा खांदा सैल पडला. तिसऱ्याच्या तोंडाशी त्याने तळव्याची टाच उंचवट्यावर रोवली, कोपर रेटलं, आणि घिस्सा असा चढत गेला की निफाडच्या रांगेतून शिट्टी आली. हसणारे कोण होते ते आता ओळखू येत नव्हते. विंगेत मामी उभी राहिली होती आणि पर्स खाली पडली होती.

निकिता खुर्चीशीच बसून होती. उठून जायचं तिला सुचलं नव्हतं. कान मात्र जागे होते, ते कधी झोपणार! आणि त्या कानांना जाणवलं की घिस्सा संपताना किंचित, अगदी किंचित, मागे राहतोय. शेपूट लांबतंय. पेटीवर एक खुंटी होती, ती केसभर फिरवली की झालं असतं. तिचा हात आपोआप पेटीकडे गेला. बोटं खुंटीवर टेकली.

“हात काढ.”

मामाने तिच्याकडे बघितलंही नव्हतं. नजर समोर, ठेका चालू, एक मात्रा इकडची तिकडे नाही.

“मामा, थोडं मागे राहतंय...”

“मी घेतो सांभाळून. हात काढ निके, वाजवतोय मी.”

निकिताने हात काढला, आणि पुन्हा तिकडे जाऊ नये म्हणून मांडीखाली दाबून ठेवला.